टिकलीसाठी मांजर

१ मार्च, रविवार

टिकली पाच वाजता गेली. जिना उतरता उतरता वळून म्हणाली, "बाबा, तू एक मांजर पाळ ना." एवढंच. खाली तिची आई हॉर्न वाजवत होती. पाच म्हणजे पाच!

दार लावून खुर्चीत बसलो तो बसूनच राहिलो. अकरा वर्षांची मुलगी, आम्ही वेगळे झाल्यापासून पहिल्यांदा या घरासाठी काहीतरी मागते आहे. एरवी पाहुण्यासारखी येते — एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, दहा ते पाच, कागदावर ठरल्याप्रमाणे. चपला नीट लावते. पाणी विचारून घेते. मागच्या सुट्टीत तीन आठवडे राहायचं होतं, तर तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "घरी जाऊ?" घरी! मग हे काय धर्मशाळा आहे?

या सुट्टीत यायचं की नाही हे तिनेच ठरवायचं आहे. "मी जबरदस्ती करणार नाही," असं तिची आई म्हणाली. बरोबरच म्हणाली. बरोबर असणं हा तिच्या आईचा जुना आजार आहे.

तर ठरलं. मांजर.

३ मार्च

मला मांजर आवडत नाही. इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढे तोंडावर हसू ठेवायला मोकळा. ते आपल्याकडे असं बघतं, जणू आपणच त्याच्याकडे भाड्याने राहतोय.

त्यातून माझा धंदा! मी कवळ्या बनवतो. समोरच्या दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, मी त्यावर मेण चढवतो, दात बसवतो, घासतो, पॉलिश करतो. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. टेबलावर कायम पाच-सहा जणांचं हसू मांडलेलं असतं. त्यात मांजराचं काय काम?

पण टिकली म्हणाली ना.

५ मार्च

वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे तीन मांजरं आहेत. सल्ला विचारायला गेलो. चूक झाली! चहा गार झाला, मावशी गार झाल्या नाहीत.

"पहिला आठवडा एका खोलीत ठेवायचं. मागे लागायचं नाही. उचलायचं तर मुळीच नाही. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, त्याला वाटतं आपण भांडायला आलो. हळूच डोळे मिटायचे, हळूच उघडायचे. तसंच त्याने केलं तर समजा, पसंत पडलात."

लग्नाच्या वेळी एवढी तयारी मी केली नव्हती. मावशींना तसं म्हणालो, तर म्हणाल्या, "म्हणूनच."

८ मार्च, रविवार

आलं! मावशींच्या मैत्रिणीकडचं, वर्षभराचं, राखाडी, मादी. टोपलीतून बाहेर पडलं, खोलीभर एक नजर टाकली आणि सरळ कपाटाखाली. वाळूचा ट्रे, पाण्याची वाटी, खाण्याची वाटी, नखं घासायचा खांब — सगळा संसार मांडून मी दारात उभा. स्वागताला कोणी नाही.

दुकानदाराने झोपायला मऊ गादी गळ्यात मारली आहे. मांजर नको म्हणालं तर मी झोपेन.

११ मार्च

कपाटाखालीच. माझी पाठ वळली की खातं. ताईचा फोन — "दूध दे, लगेच येईल." मावशी म्हणतात, दूध द्याल तर याद राखा, पोट बिघडेल. ताईला सांगितलं तर म्हणाली, "दूध न पिणारं मांजर? तुला फसवलंय."

दुपारी जमिनीवर आडवा होऊन कपाटाखाली बघत डोळे मिटत होतो, उघडत होतो. तेवढ्यात दवाखान्यातल्या बाई साचे घेऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोळे आलेत का?"

१५ मार्च, रविवार

टिकलीचा दिवस. आणि बया बाहेर यायलाच तयार नाही! मी मासे ठेवले. दोरी हलवली. लाडात बोललो — "ये गं माझी सोनुली" — मी! स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि लाज वाटली. टिकली दारात उभी राहून पोट धरून हसत होती.

ती मात्र आत आलीच नाही. "राहू दे, बाबा. तिला यायचं तेव्हा येईल." मावशींचे सगळे नियम त्यांच्याकडे न जाता पाठ! या घरात अक्कल असलेली एकच व्यक्ती आहे आणि ती पाच वाजता जाते.

नाव तिनेच ठेवलं. अक्कलदाढ. "उशिरा आली आणि त्रास देतेय ना, म्हणून." आता बोलताना नुसती दाढ.

१९ मार्च

दाढ बाहेर आली. मी एका आजोबांच्या कवळीला पॉलिश करत होतो. माझ्या पायाला एकदा घासून गेली, जसं काही चुकून लागलं. मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. काय ही अवस्था!

२३ मार्च

मऊ गादीवर बसली नाही. गादी ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात बसते. खांबाला नखं लावत नाही, माझ्या खुर्चीला लावते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खुर्चीच्या शेजारी खांब ठेवा." ठेवला. आता ती खांबावर अंग टेकून खुर्ची ओरबाडते.

२९ मार्च, रविवार

सगळं उलटं झालं. टिकली आली, समोरच्या खुर्चीत बसली, आणि दाढ तिच्यासमोर डौलात येऊन चढली कोणाच्या मांडीवर? माझ्या! घुर्र घुर्र सुरू. मी तिला उचलून टिकलीकडे द्यायला निघालो, तर टिकलीच म्हणाली, "नको नको, उठवू नकोस. किती छान बसलीय तुझ्याजवळ."

दिवसभर लांबूनच बघत होती. चेहरा खुश. पण मला वाईट वाटलं. एवढा खटाटोप जिच्यासाठी, तिच्याकडे ही महामाया ढुंकून बघत नाही. टिकली गेल्यावर दाढेला चार शब्द सुनावले. तिने हळूच डोळे मिटले, हळूच उघडले.

पसंत पडलो म्हणे.

४ एप्रिल

घात! दाढेने टेबलावरून कवळी ढकलली. पाडली नाही, ढकलली. एक पंजा पुढे, माझ्याकडे बघत, इंच-इंच. मी "ए, ए, ए!" म्हणेपर्यंत खाली. दोन तुकडे. एका निवृत्त मास्तरीणबाईंची होती, नातवाच्या लग्नासाठी घाईची!

६ एप्रिल

दाताचे डॉक्टर स्वतः आले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "तुमच्या हातासारखा हात नाही, म्हणून इतकी वर्षं काम देतोय. पण मांजर आणि कवळ्या एका खोलीत चालणार नाहीत. काय ते ठरवा."

ठरवायचं काय? मांजर परत दिलं तर टिकलीला काय सांगू? पुन्हा तेच ते पाणी विचारून पिणं, पुन्हा "घरी जाऊ?" सुट्टी तोंडावर आली आहे. ती हो म्हणेल तर या मांजराच्या जोरावर म्हणेल, माझ्या नाही. स्वतःला कशाला फसवू? मी कंटाळवाणा माणूस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांशी बोलतो, रविवारी काय बोलावं ते सुचत नाही.

मांजर राहणार. काम मागच्या छोट्या खोलीत हलवतो. उजेड कमी आहे. दिवा घेईन.

९ एप्रिल

टेबल हलवलं. पाठ गेली कामातून. दाराला जाळी बसवली. दाढ जाळीबाहेर बसून आत बघते. तुरुंगातल्या कैद्याला भेटायला आल्यासारखी. कैदी कोण, ते उघड आहे.

१२ एप्रिल, रविवार

टिकलीने जाळी बघितली. "तिच्यासाठी तू खोली बदललीस?"

"हो. एवढं काय त्यात?"

जाळीला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "बाबा, तुला ती खूपच आवडते ना?"

आता काय सांगणार! "खूप," म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो. ती हसली आणि कधी नव्हे ते मागच्या खोलीत येऊन बसली, मेणाचे दात कसे बसवतात ते बघत. समोरचे दात जरा वाकडे का लावतोस, विचारलं. म्हटलं, अगदी सरळ लावले की खोटे दिसतात. तिला ते फार आवडलं.

सुट्टीबद्दल विचारायचं होतं. जीभ रेटली नाही.

१७ एप्रिल

दाढ सकाळपासून खात नाही. कोपऱ्यात बसली आहे. ढकलायला समोर चमचा ठेवला, त्याकडेही बघेना.

१८ एप्रिल

दोरा गिळला होता. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. "उद्या कळेल," म्हणाले. मी विचारलं, उद्या म्हणजे किती वाजता? म्हणाले, तुम्ही घरी जा.

घरी आलो. जाळीचं दार उघडं टाकून काम केलं. मेण वाया गेलं. टिकलीला काय सांगायचं, हाच विचार करतोय असं स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. टिकलीचा विचार मनात आला तोच मुळी दुपारी. मला ते मांजर परत हवं आहे. बस.

१९ एप्रिल

वाचली! घरी आणलं. टोपलीतून बाहेर पडली, खोलीभर नजर टाकली आणि सरळ माझ्या उशीवर. मी पायथ्याला झोपणार.

मावशी बघायला आल्या. म्हणाल्या, "दोरा उघड्यावर ठेवू नका, हे सांगायचंच राहिलं." बाकी सगळं सांगून झालं होतं!

२६ एप्रिल, रविवार

दाढेचं दुखणं टिकलीला सांगितलं. ती मांजराकडे बघण्याऐवजी माझ्याकडेच बघत होती. "तू एकटाच होतास? मला फोन का नाही केलास?"

मग निघताना, पायात चप्पल सरकवत, सहज सांगावं तसं — "बाबा, मी सुट्टीत येते. पूर्ण तीन आठवडे."

मी "बरं" म्हणालो. बरं! याहून मोठा शब्द सापडला नाही मला! ती खाली गेल्यावर दाढेला उचलून घरभर नाचलो. तिने चावा घेतला. घे बाई, तुझा हक्क आहे.

८ मे, शुक्रवार

उद्या येणार. पडदे धुतले. तिच्यासाठी खाट लावली, चादर नवी. दाढ लगेच त्यावर जाऊन झोपली — म्हटलं, शाबास, तीन आठवडे इथेच लोळायचं, टिकलीच्या कुशीत! चादरीवर राखाडी केस पसरले. असू देत, टिकलीला आवडेल.

खरं सांगायचं तर थोडं टोचतं. पोटची पोर बापाकडे येते ती मांजरासाठी. पण येते ना? मग मी तक्रार करणार नाही. माझ्या वाट्याला दुसरा नंबर, तोही चालेल.

९ मे, शनिवार

टिकली धावत आत गेली. तिची आई जिन्यातच थांबली, आवाज खाली करून म्हणाली, "एवढे दिवस राहणार, म्हणून तुला सांगणं भाग आहे. तिच्या बॅगेत गोळ्या आहेत. सकाळी एक. मांजराच्या केसांनी शिंका येतात, डोळे सुजतात. दोन वर्षं झाली. तुझ्याकडे मांजर आल्यापासून दर वेळी घेऊनच निघायची. आणि जवळ जाऊ नको असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती. म्हणते, बाबाला कळलं तर तो मांजर देऊन टाकेल आणि पुन्हा एकटा बसेल. तुला कळलंय असं दाखवू नकोस."

नवी चादर काढली, झटकली, जुनी धुतलेली घातली. टिकलीने विचारलं, का? म्हटलं, नवी टोचते.

उद्यापासून सकाळी ती उठली की मी दाढेला घेऊन गॅलरीत उभा राहीन. तिला गोळी घ्यायला वेळ मिळेल.