जात्यावरली चाल

शिरूर, फेब्रुवारी १९९८

सौ. साळूबाईस घरधन्याचा आशीर्वाद. सूनबाई, सासूबाईंना हे सावकाश वाचून दाखव.

माझा खोकला बराय. खुटबावात तुझे गुडघे कसे हायेत?

यंदा इथल्या शाळांचं वर्ष सोन्याचं गेलं. केंदूरच्या मुलींनी खो-खो जिंकला, आन् आज कवितागायनात माझ्यापाशी इथं शिकणारी आपली नात प्राची तालुक्यात पहिली आली. मी शिकवलेली चाल सोडून तिनं कविता तुझ्या जात्यावरल्या ओवीच्या चालीत म्हटली.

परीक्षकांनी विचारलं, "चाल कोणत्या बाईंची?"

"साळूबाईंची," पोरगी म्हणाली.

लगेच माईकवर पुकारलं, "मार्गदर्शक शिक्षिका, साळूबाई." शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या तुला टाळ्या पडत होत्या.

सातवीनंतर तिची शाळा बंद म्हणतेस. आता बाईच असं म्हणाल्या तर पोरीनं कुणाकडं बघायचं?

तुझ्या निरोपाकडं कान लावून बसलेला,
आनंदराव