फोन नांदेडला असताना

२ सप्टेंबर, मुखेड
ह्यांचा फोन फुटला. शिलाई मशीनच्या फळीवर ठेवलेला, हादऱ्याने सरकत सरकत खाली. पडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात आला. ह्यांना कुठून येणार, जन्मापासून बहिरे. वरून नकळत त्यावरच स्टुलाचा पाय दिला. अर्धी स्क्रीन काळी, अर्धीवर हिरव्या रेघा.

लातूरला क्लास सुटला की स्नेहा रोज व्हिडिओ कॉल करते. बापलेक तासभर हातांनी गप्पा मारतात. आज माझ्या साध्या फोनवर तिचा नुसता आवाज.

४ सप्टें.
नांदेडला सर्व्हिस सेंटर. काउंटरवरची बाई म्हणे, "पडला म्हणल्यावर वॉरंटी न्हाई लागत, मावशी. अन् आवाज तर येऊन राहिला की."
म्हटलं, आमच्या घरी फोन बघायचा असतो, बाई.
मग आठवलं, घेताना दुकानदाराने स्क्रीनचा वेगळा प्लॅन गळ्यात मारला होता. तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते. आज तोच कामी आला. स्क्रीन हैदराबादहून येणार, फोन तिथेच ठेवला. पावतीवर तारीख, १५.

७ सप्टें.
स्नेहाचा फोन. रडत होती. "आई, मला न्हाई जमत डॉक्टरकीचं. पेपर समोर आला की हात गार पडतात. बाबाला सांग, मी घरी येते."
हे समोरच, शर्टाला काजं करत बसलेले. भुवया उडवून विचारलं, काय म्हणते?
मी हातांनी सांगितलं: बरी आहे. अभ्यास चालू आहे.
खरं सांगितलं असतं तर लगेच ये म्हणाले असते. ह्यांचं काळीज लोण्याचं. घरात कुणीतरी कठीण व्हायला नको?

९ सप्टें.
हे म्हणाले, शेजारच्या वैनींचा फोन माग, पोरीला बघू. मी सांगितलं, त्यांचाही बिघडलाय. वैनी तेव्हा ओट्यावर त्याच फोनवर काहीतरी बघून हसत होत्या. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

१२ सप्टें.
स्नेहा : "बाबा काय म्हणले?"
तोंडातून निघून गेलं, "नेटानं अभ्यास कर म्हणले."
मग हळूच, "बाबा असं म्हणले?" आणि फोन ठेवला.

लग्न झाल्यापासून ह्यांचा आवाज मीच. गिऱ्हाईक, बँक, सोयरेधायरे, सगळ्यांशी ह्यांचं बोलणं माझ्या तोंडून. आजवर एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. लाज वाटली. तरी उठून ह्यांना सांगितलं मात्र नाही. एकदा परीक्षा होऊन जाऊ दे, मग...

१५ सप्टें.
आजची तारीख मी विसरल्यासारखं केलं. ह्यांना वाचता येत नाही, पण मापं घेणारा माणूस, आकडे पक्के. सकाळी इस्त्रीचा शर्ट, पावती खिशात, एकटेच नांदेडच्या एसटीत बसले. एकटे कधी जात नाहीत.

दिवेलागणीला परत. स्क्रीन नवी कोरी. डोळे लाल. धूळ गेली असेल.
स्नेहाशी बोललात?
हो. स्टँडवरच.
काय म्हणते?
हातातली कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघत, सावकाश, अगदी मी करते तसे हात करून सांगितलं: बरी आहे. अभ्यास चालू आहे.
आणि मशीन सुरू केली.

१६ सप्टें.
चांगलं ऊन पडलंय. दुपारी ह्यांनी माळ्यावरची स्नेहाची गादी काढून गच्चीवर टाकली. नवरात्र जवळ आलं, अंथरूण-पांघरूण काढायचंच असतं. पण ते मी काढते दरवर्षी, आणि सगळ्यांचं. आज एकटी तिचीच गादी.
ऊन उतरायच्या आधी मीच जाऊन तेवढी दुसऱ्या बाजूने पालटून आले.