मंचरच्या फलकावरील ठकूबाईंचे हसू उतरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
निर्मळ मुख अभियान,
जुन्नर-आंबेगाव कक्ष, जुन्नर, जि. पुणे

अर्जदार : हौशीराम धर्माजी कोरडे, वय ५१, प्राथमिक शिक्षक, मु. पो. बोरी बुद्रुक, ता. जुन्नर

विषय : मंचर येथे हमरस्त्यालगत लावलेल्या फलकावरून अर्जदाराच्या मातोश्रींचे छायाचित्र दि. १४ मे पूर्वी उतरवणेबाबत. तसेच दात घासण्याचा ब्रश ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १६ जानेवारी २००६ चा अर्ज
२) तो परत पाठवणारे आपले दि. ३० जानेवारीचे पत्र
३) अर्जदाराचा दि. ६ फेब्रुवारीचा दुसरा अर्ज
४) आपले दि. २४ एप्रिलचे पत्र

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, प्रस्तुत अर्ज अर्जदाराने स्वहस्ते लिहिला असला, तरी त्यात स्वतःसाठी 'मी' हा शब्द कोठेही वापरलेला नाही. अर्जदाराला 'मी' म्हणायला तोंड उरलेले नाही. त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे.

जून २००५ मध्ये आपल्या कक्षाने गावोगाव एकेक 'मुखदूत' नेमला. बोरीसाठी अर्जदाराची निवड झाली, कारण त्याचे अक्षर चांगले आहे आणि त्याला नाही म्हणता येत नाही. त्यास गळ्यात अडकवण्याचा बिल्ला, प्लॅस्टरचा एक जबडा आणि घरटी एक याप्रमाणे हिरवे ब्रश देण्यात आले. सर्व ब्रश एकाच मापाचे, दांडी पेन्सिलीएवढी. गावातील हात मात्र एकाच मापाचे नव्हते. ही बाब अर्जदाराच्या त्यावेळी लक्षात आली नाही. तो दारोदार जबडा उघडून-मिटून दाखवत हिंडला आणि म्हाताऱ्या बायांच्या मिश्रीच्या डब्या चारचौघांत गटारात ओतू लागला. घरच्या माणसाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून सर्वांत आधी त्याने आपल्या आईची डबी ओतली.

अर्जदाराच्या मातोश्री ठकूबाई धर्माजी कोरडे यांचे वय अंदाजे बहात्तर. सन १९९१ मध्ये कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे गेली. पेन्सिलीएवढी दांडी त्या हातात ठरत नाही, गोल फिरते. डाव्या हाताने घासावे तर ब्रश हिरडीत घुसतो. तीन दिवस प्रयत्न करून त्यांनी चौथ्या दिवशी त्या ब्रशाने पिठाची चाळणी साफ करायला घेतली. अर्जदाराने ते पाहिले व रजिस्टरात त्यांच्या नावापुढे शेरा मारला : 'लाभार्थी हट्टी. प्रबोधनाची गरज.' खाली सही केली. महोदय, कुट्टीत अडकलेला तो हात अर्जदारानेच ओढून काढला होता. शेरा लिहिताना त्याला तो आठवला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी हा अर्ज घरातल्या घरात मिटला असता. परंतु ऑक्टोबरात कक्षाने प्रत्येक मुखदूताकडे 'बिघडलेल्या दातांचा एक नमुना, छायाचित्रासह' मागवला. बोरीत बिघडलेले दात पुष्कळ, पण नमुना व्हायला कोणी तयार होईना. मुदत संपत आली, तेव्हा अर्जदाराने अंगणात खुर्ची मांडली. मातोश्रींनी वेणीफणी केली, लग्नकार्यात नेसायचे लुगडे नेसले आणि विचारले, "कशाला रं हौशा फोटू?" अर्जदार म्हणाला, "कामाला लागतो आई. जरा हस." शाळेतल्या कामाला गुरुजीच्या आईचा फोटो लागत असेल, असे त्या समजल्या. फोटोवाल्याने दोनदा सांगूनही त्या ओठ मिटून बसल्या होत्या. मुलाने सांगितल्यावर हसल्या, आणि चांगल्या तोंडभर हसल्या.

जानेवारीत शेजारच्या साळुबाई लेकीकडून मंचरहून परतल्या त्या अर्जदाराच्या फाटकातूनच ओरडत आल्या : "अगं ठके, मंचरला तुजा फोटू लागलाय! पुढाऱ्यावानी! येवढा मोठा की यष्टीत बसल्या बसल्या दिसतूय!" मातोश्री दुसऱ्या दिवशी तेच लुगडे नेसून एकट्या मंचरला गेल्या. फलकाखाली बटाट्याच्या गोण्या मोजणाऱ्या एका गृहस्थास त्यांनी विचारले, "दादा, काय लिवलंय वर?" त्या गृहस्थाने वर पाहिले. मग त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "काय न्हाई आजी. पावडरीची जाहिरात हाय." फलकावर लिहिले आहे : 'हे तोंड पाहा आणि वेळीच सावध व्हा!' मातोश्रींना अक्षरओळख नाही, पण माणूस कशासाठी खोटे बोलतो आहे हे त्यांना कळते. परतीच्या गाडीत एका पोराने ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवले, तेव्हा उरलेलेही कळले.

घरी येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "तू हस म्हनलास म्हून हसले रं."

तेव्हापासून मातोश्री तोंडाला पदर लावून असतात. भिंतीकडे तोंड करून जेवतात. गावात त्यांच्या हसण्याची ख्याती होती. पलीकडच्या आळीत ऐकू येत असे. आता येत नाही. अर्जदाराची कन्या प्राची हिचा विवाह दि. १४ मे रोजी मंचर येथे ठरला असून, मंगल कार्यालय सदर फलकापासून चाळीस पावलांवर आहे. वऱ्हाडाची गाडी त्याच्याखालूनच जाणार. मातोश्री म्हणतात, "तुमी उरकून घ्या. मी हितं गुरांपाशी थांबते." प्राची म्हणते, "आजी न्हाई तर मी हळद लावून घ्यायची न्हाई." दोघी एकाच रक्ताच्या आहेत.

सबब अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. त्याचा विषय होता 'मौखिक आरोग्य व फलक याबाबत'. त्यावर आपल्या कक्षाचे उत्तर आले : 'मौखिक अर्ज स्वीकारण्याची तरतूद नाही. लेखी सादर करावा.' अर्जदार तोच कागद घेऊन समक्ष भेटला. आपले लिपिक भाऊसाहेब सज्जन आहेत. ते म्हणाले, "गुरुजी, तुमीच वर मौखिक लिवलंय, मग मी ते लेखी कसं धरू?" अर्जदाराने कागदावर बोट ठेवून शाई दाखवली. ते म्हणाले, "कागद लेखी हाय, मला दिसतंय ना. पन विषय मौखिक हाय. विषय बदलून आना." अर्जदार सव्वीस वर्षे मराठी भाषा शिकवतो आहे. भाऊसाहेब अर्जदाराच्याच शाळेत शिकलेले आहेत, आणि तेव्हा त्यांना मराठी कोणी शिकवले हे सांगण्याची अर्जदारावर सक्ती करू नये. दुसऱ्या अर्जात त्याने तो शब्द गाळला. याही अर्जात घडलेला प्रकार सांगण्यापुरताच तो घेतला आहे.

दरम्यान फेब्रुवारीत कांद्याची खुरपणी चालू असताना अर्जदार अर्धी रजा टाकून बांधावर बसला. कधी नव्हे ते त्याने आईच्या हाताकडे पाहिले. ज्या हातात ब्रश ठरत नाही, त्याच हातात खुरपे दिवसभर ठरत होते. खुरप्याची मूठ जाड होती, वर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती आणि लाकूड अंगठ्याच्या बाजूला तासून खोलगट केलेले होते. बोटे गेली त्याच वर्षी त्यांनी ते विळ्याने आपले आपण तासले होते. म्हणजे मुखदूत जे शिकवायला निघाला होता, त्यातले मुख्य त्या पंधरा वर्षे हातात धरून होत्या.

अर्जदार एक जुनी मूठ घेऊन गेणभाऊ सुतारांकडे गेला. गेणभाऊ म्हणाले, "गुरुजी, खुरप्याला ब्रश बसवायचा का ब्रशाला खुरपं, ते येकदा नक्की सांगा. न्हाईतर आजी दात खुरपत बसतील." पहिला ब्रश जड झाला. दुसरा हलका झाला, पण मातोश्रींनी तो हातात फिरवून परत दिला : "मूठ सरळ हाय, माजा हात वाकडा हाय. दोनातलं कोन वाकवायचं ते तू ठरीव." तिसऱ्या खेपेस मूठ वाकवली, पुढे लहान मुलांच्या ब्रशाचे डोके बसवले. तो त्यांनी परत दिला नाही. मोरीचे दार लावून त्या दोन वेळा दात घासतात. बाहेर ऐकू येते.

हे पाहून गावातले भिमाजी आले. त्यांची सगळी हयात ट्रक चालवण्यात गेली, आता हात थरथरतो. त्यांच्या ब्रशाच्या मुठीत गेणभाऊंनी ट्रॅक्टरचा जाड नट बसवला. मूठ वजनदार झाली तशी थरथर निम्म्यावर आली. भिमाजी म्हणाले, "राव, लई वर्सांनी दात घासले. येवढे दिस नाकच घासत व्हतो." आजमितीस अशा सतरा लोकांना सतरा प्रकारचे ब्रश करून दिले आहेत. त्यासाठी वेगळे शास्त्र लागले नाही. ब्रश देण्याआधी हात बघावा लागला, आणि हे अर्जदाराने जूनमध्ये करायला हवे होते. कक्षाने पुढील वाटपात तसे करावे. रजिस्टरात 'हट्टी' असा शेरा मारलेली एकतीस नावे आहेत. ते सर्व शेरे अर्जदार मागे घेत आहे. प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याने तसे सांगितले. काहींना आपल्यावर शेरा होता हे तेव्हाच प्रथम कळले, त्यामुळे लाज कमी होण्याऐवजी वाढली.

आता आपले संदर्भ क्र. ४ चे पत्र. त्यात कळवले आहे की, फलकावरील छायाचित्र उतरवण्यासाठी 'सदर महिलेने कक्षात समक्ष हजर राहून, दोन पंचांसमोर मुख उघडून, फलकावरील दात आपलेच असल्याची ओळख पटवावी.' ते छायाचित्र लावताना कोणाची ओळख पटवावी लागली नव्हती, हे अर्जदार तक्रार म्हणून लिहीत नाही. लावताना त्याने स्वतःच ओळख दिली होती.

सदर पत्र अर्जदाराने मातोश्रींना ओसरीवर वाचून दाखवले. साळुबाई व गेणभाऊ हजर होते. मातोश्री पदराआडून म्हणाल्या, "सायबाला माजं त्वांड बघायचंय व्हय? यील की मी. पन आदी सायबानं आ करायचा." साळुबाई म्हणाल्या, "अगं बया, सायेब कसा आ करील?" मातोश्री म्हणाल्या, "मी नव्हता केला?" आणि अर्जदाराकडे वळून, "त्याच्याबी आदी तू. हितंच. उजेडाला ये."

अर्जदाराने आ केला. मातोश्रींनी त्या तीन बोटांच्या हाताने त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवले आणि सावकाश पाहिले. "उजवीकडची दाढ किडलीया. कवापासनं लपवतुयास?" दाढ मुखदूत होण्याच्या आधीपासून किडलेली आहे. प्लॅस्टरचा जबडा दाखवत हिंडताना अर्जदार डाव्या बाजूने बोलत असे. आपले तोंड दुसऱ्याने धरून उजेडात नेले म्हणजे काय वाटते, हे त्यास वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळले.

तरी मा. साहेबांना हात जोडून विनंती की, सोमवार दि. ८ मे रोजी सकाळी अकरा वाजता अर्जदार मातोश्रींना घेऊन कक्षात येत आहे. आपण प्रथम आ करावा, म्हणजे त्या करतील. पंच आपणच बोलवावेत. मातोश्री साहेबांच्या तोंडाबाबत रजिस्टरात काही लिहायला लावणार नाहीत, छायाचित्र काढणार नाहीत आणि ते मंचरला लावणार नाहीत. याची हमी अर्जदार लिहून देत आहे.

मान खाली घालून आपला,
हौशीराम धर्माजी कोरडे
(माजी मुखदूत)

बोरी बुद्रुक
दि. २ मे २००६

सोबत : १) मुखदूताचा बिल्ला व प्लॅस्टरचा जबडा, परत.
२) वाकड्या मुठीचा ब्रश, नग एक, नमुन्यादाखल. पाहून लगेच आणणाऱ्याच्याच हाती द्यावा. मातोश्रींना संध्याकाळी लागतो.