थंड मातीवरचं माप

४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा खोकला मला धाकट्याच्या पत्रातून कळावा? सभेत तासभर गरजणारा माणूस डॉक्टरांसमोर मुका होतो म्हणे.

आता माझं. धाकट्याच्या तुकडीला गेलेली सहाशे चिलखती जाकिटं माझ्या चाचणीतून गेली. आम्ही जाकिटामागे चिकणमातीचा ठोकळा ठेवून समोरून मोठ्या रायफलीची गोळी झाडतो. गोळी अडते, पण जाकीट मागे फुगतं आणि मातीत खळगा पडतो. ती माती म्हणजे माणसाची छाती. खळगा चव्वेचाळीस मिलिमीटरच्या पुढे गेला की जाकीट नापास. माती मात्र उबदार हवी. गार पडली की घट्ट होते, खळगा खोटा, उथळ येतो. म्हणून आधी लोखंडी गोळा टाकून तिचा मऊपणा बघायचा. त्या दुपारी वीज गेली, माती गारठली, आणि वीज आल्यावर मी गोळा टाकलाच नाही. नमुन्याच्या जाकिटाचा खळगा बेचाळीस आला. मी सगळ्या सहाशेंसाठी सही केली. काल वहीत गोळ्याचा रकाना रिकामा दिसला, तेव्हा ध्यानात आलं.

माझ्या नोकरीचं सोडा. पण बोलले तर जाकिटं परत येतील, आणि धाकटा दीड महिना जुन्या, पातळ जाकिटावर राहील. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. काय करू?

रागावलात तरी लिहा.
ताई

९ ऑक्टोबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

खरं सांगतो, वाचताच मनात आलं की पोरीला गप्प बसायला सांगावं. पोराच्या अंगावर काहीतरी असू दे. चाळीस वर्षं व्यासपीठावरून लोकांना खरं बोला म्हणून बजावणारा मी! तासभर स्वतःचीच लाज वाटत बसून होतो.

पोरी, पातळ जाकीटवाल्याला ते पातळ आहे हे ठाऊक असतं. तो जपून पाऊल टाकतो. तुझ्या सहीवर विसंबलेला छाती काढून उभा राहील! त्याला फसवायचा हक्क ना तुला, ना मला, ना तुझ्या साहेबाला. उरलेल्या पाचशे नव्व्याण्णव पोरांनाही बाप आहेत. हे पत्र हातात घेऊनच साहेबांच्या खोलीत जा. मी उद्या डॉक्टरांकडे जातो. माझं काम त्या मानाने सोपं.

आशीर्वादात कपात नाही.
बाबा

२२ ऑक्टोबर

मापाडी ताईस कडक सलाम.

जाकिटं गोळा करून नेली. तुकडीप्रमुख म्हणाले, कुणा बाईने स्वतःचीच सही खोडली. मी सांगितलं, लहानपणी दारामागे माझी उंची मोजताना टाच दाबून धरायची तीच ही, माझी बहीण. पोरांनी शिव्या घातल्या. चार तुझ्या वाट्याला आल्या, त्या मी ठेवून घेतल्यात.

आता जुन्या जाकिटात वाकून चालतो. नव्यात दोन आठवडे कसा ताठ फिरत होतो, हे आठवलं की घाम फुटतो. परत गेलेल्यांतल्या माझ्या जाकिटाच्या आतल्या बाजूला मी पेनने मिशी काढलीय. ते टिकलं असतं का, खरं कळव.

तुझाच,
धाकटा

६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. आ.

बाबांचा खोकला उतरतोय. माझी नोकरी आहे. सहीचा अधिकार वर्षभर गेला. सध्या माती मळते.

मिशीवालं जाकीट सापडलं. माती गरम केली, गोळा तीनदा टाकला, मग झाडलं. गोळी अडली. खळगा एक्कावन्न, चालतो चव्वेचाळीसपर्यंत.

माप झालं की खळगा लगेच बुजवायचा असतो. मी त्यात मूठ ठेवून पाहिली. बसली. साहेब शेजारीच होते, पण बुजव म्हणाले नाहीत.

नवी जाकिटं येईपर्यंत वाकूनच चाल. ताठ उभं राहायचं ते घरी, दारामागे. टाच मी धरीन.

तुझी,
मापाडी