वहिनी आता पर्यटक नाही

प्रिय भाऊ,

आज दुपारी साडेतीनला तुझी बायको रीतसर नागपूरची झाली! तिच्या व्हिसाचा ईमेल आला. मी चष्मा लावून तीनदा वाचला, मग वहिनीने वाचला, मग आम्ही दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात एकमेकींना धरून नाचलो. माझा गुडघा अजून ठणकतोय. पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून रात्र झाली तरी लिहायला बसले.

गेलेल्या माणसाला असलं पत्र लिहितात का रे? श्रद्धांजली म्हणजे कसं, गंभीर असावं, डोळे पुसत लिहावं. मला तर आत्ता उठून गल्लीभर संत्रा बर्फी वाटावीशी वाटतेय. तुला चालेल. तूच कुठे कधी गंभीर होतास?

पाच वर्षं, भाऊ! सलग पाच वर्षं राहता येईल तिला, आणि पुढे वाढवूनही मिळतं म्हणे. ते एकशे ऐंशी दिवसांचं लोढणं सुटलं एकदाचं.

कसला कायदा होता तो! त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट तुम्हा दोघांच्या नावावर. पडदे तिने शिवले, गच्चीतली तुळस तिने लावली. आणि सहा महिने भरले की घराच्या मालकिणीने स्वतःच्या घराला कुलूप घालून देश सोडायचा! व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण काय, तर दरवर्षी एकच, पर्यटन. काय पर्यटन केलं रे तिने? माझ्याबरोबर इतवारीत जाऊन तांदूळ निवडले, तर्री पोहे खाऊन नाक पुसलं आणि आईचं शेवटचं दुखणं काढलं. इतकं पर्यटन नागपुरात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आता थोडं भांडते. राग मानू नकोस.

तू विलायतेचा नागरिक झालास तरी स्वतःचं ओसीआय कार्ड मात्र वेळेवर काढून घेतलंस. आयुष्यभर या, आयुष्यभर राहा! बायको म्हणून तिलाही तेच कार्ड मिळालं असतं. तू जिवंत असताना मिळालं असतं. दरवर्षी मी विचारायची, भाऊ, वहिनीचं काय? आणि तू आपला, "पुढच्या वर्षी पाहू वं, घाई काय आहे?" पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता तूच निघून गेलास. माणसाने इतकं निवांत असावं?

पण तू का टाळत होतास हे मला ठाऊक होतं. माझं नाव निघू नये म्हणून टाळत होतास. चूक माझीच होती ना!

तुझं लग्न आठवतं? तू वेल्समधल्या गिरणीत इंजिनिअर होऊन गेला होतास आणि चार वर्षांनी ही उंच, गोरी, लाजरी ग्वेन घेऊन गोळीबार चौकातल्या आपल्या घरी उतरलास. बाबांनी हातमाग थांबवला आणि दारात आले. आई दोन दिवस नाव घ्यायचा प्रयत्न करत होती. शेवटी म्हणाली, "मले नाही जमत बापा ते नाव. तोंड वाकडं होते." मग नाव मी सुचवलं. सुमती. तू ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलंस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वहिनीने ते नाव इतक्या कौतुकाने घेतलं की महिनाभर ग्वेन म्हटलं तर वळून बघायची नाही.

इथवर ठीक होतं. पण लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तू म्हणालास, "कुंदे, तुझं अक्षर चांगलं आहे, तू भर." आणि मी, बी.ए.च्या वर्गातली शहाणी, वधूचं नाव म्हणून झोकात लिहिलं, सौ. सुमती प्रभाकर. पासपोर्टवरचं नाव कुठेच नाही! तिकडे तुम्हा दोघांचे आपापले कागद होते, तो दाखला कुणी कधी मागितलाच नाही. घर घेतानाही पासपोर्ट चालला. म्हणजे कागदोपत्री तू लग्न केलंस सुमतीशी आणि घर घेतलंस ग्वेनबरोबर! शोभतं का तुला हे?

तू तेव्हा हसलास. मीही हसायची. तू गेलास त्यानंतर हसू आलं नाही.

तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तू एप्रिलात गेलास तेव्हा वहिनीचे अकरा दिवस उरले होते. कन्हान नदीत अस्थी सोडून आलो, आणि घरी येऊन तिने कॅलेंडर पाहिलं. अशा वेळी चार दिवस वाढवून मिळतात म्हणे, विचारलं तर. पण कुणाला सुचणार? अकराव्या दिवशी तिला विमानतळावर सोडलं. ती म्हणाली, "त्याची तेरवी नीट करजो वं, कुंदा." तुमचं मूलबाळ नाही, मग मीच केली. तेराव्या दिवशी, तुझ्या तेरवीला, तुझी बायको सातासमुद्रापार जाऊन बसली होती. मी एकटीने पान वाढलं आणि स्वतःच्या सुंदर अक्षराला शिव्या घातल्या.

दिवाळी तिला तिकडे रिकाम्या घरात काढवेना. ऑक्टोबरातच परत आली, पुन्हा पर्यटक म्हणून. आणि मी हिशेब केला तर काय! तुझं वर्षश्राद्ध येत होतं तिची मुदत संपल्यानंतर सहा दिवसांनी. म्हणजे पुन्हा तेच! मी म्हटलं, आता नाही. आता मी बघतेच.

पर्यटकाला इथे बसून दुसरा व्हिसा सहसा देत नाहीत. पण ती तुझी विधवा, त्या नात्याने लांब मुदतीचा मागता येतो. फक्त ती तुझी बायको होती हे दाखवायचं. फक्त!

परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात एक मॅडम आहेत, चाळिशीतल्या. फाईल चाळून म्हणाल्या, "घराच्या कागदावर ग्वेन आहे. लग्नाच्या कागदावर सुमती. तुमच्या भावाची बायको कोणती?"

मी म्हटलं, "हीच. दोन्ही हीच."

"मी मानते ताई. पण फाईलनं कसं मानायचं?"

तेवढ्यात वहिनी पुढे वाकून म्हणाली, "मॅडम, ते नाव मले हिनंच देल्लं. मी काय करू?"

बाईंचा पेन हातातच राहिला! तुझी बायको आईजवळ मराठी शिकली, हे त्यांना काय ठाऊक? मी बत्तीस वर्षं शाळेत प्रमाण भाषा शिकवली आणि माझ्याच शेजारी ही गोरी बाई अस्सल नागपुरी झाडत होती. मॅडम हसल्या, पण म्हणाल्या, जुन्या रजिस्टरची नक्कल आणा, त्यावर वधूची सही असेल. पुढचं पुढे पाहू.

नक्कल मिळवायला तीन आठवडे लागले. मला धास्ती होती, सही इंग्रजीत असली तर बरं, मराठीत असली तर मेलो. निघाली मराठीत! लग्नाआधी आठवडाभर मी तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, ती मिरवायची तिला हौस. आणि भाऊ, तिने लिहिलं होतं "सूमती". दीर्घ! मी तेव्हाच ओरडले होते, वहिनी, र्‍हस्व! तर म्हणाली होती, असं जास्त छान दिसतं.

मॅडमनी ती सही बघितली, एक कोरा कागद वहिनीपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आजी, इथं सही करा. मराठीत."

एरवी तिच्या सगळ्या सह्या इंग्रजीत, मराठी सही केल्याला किती वर्षं झाली असतील! वहिनीने चष्मा चढवला, जीभ दातांत धरली आणि सावकाश लिहिलं. सूमती. दीर्घ! मधल्या अक्षराचा पायही तसाच वाकडा.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी धरले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मराठीच्या शिक्षिका ना? हे सुधारलं नाही?"

"नाही सुधारलं," मी म्हटलं. आयुष्यात शुद्धलेखन न सुधारल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता!

मग त्या स्वतःचंच सांगायला लागल्या. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, त्यांच्याही पासपोर्टला असाच घोळ झाला होता. प्रतिज्ञापत्र करा म्हणाल्या, लग्नातला साक्षीदार हयात असेल तर आणा. साक्षीदार क्रमांक दोन मीच की! तिथेच हात वर केला, वर्गातल्या पोरीसारखा.

निघताना त्यांनी वहिनीला सहज विचारलं, "इथला उन्हाळा सोसंल का आजी? मे महिन्यात तरी तिकडं जात जा, थंड हवेत."

वहिनी म्हणाली, "त्याले कन्हानात सोडून मी कुठं जाऊ वं?"

मला तिथेच हुंदका फुटला. तर तुझी बायको माझ्या पाठीवर थाप मारून म्हणते कशी, "काहून रडून राहिली वं? अर्ज तर घेऊ दे तिले!"

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्रासकट अर्ज दिला. त्यानंतर सात आठवडे चिडीचूप. मार्च गेला. ऊन तापलं. तिचे शेवटी नऊ दिवस राहिले, आणि मला न सांगता तिने परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं, उशीखाली. आज नाचून झाल्यावर दाखवलं. मी तिला चांगली झापली. मग आम्ही दोघी पुन्हा रडलो, यावेळी बसून.

आता बघ मजा. इतक्या वर्षांत तिने नागपूरचा मे पाहिलेला नाही! कूलरवाल्याला मी संध्याकाळीच फोन केला, खसाच्या ताट्या बदलायला सांगितल्या. पांढरा दुपट्टा आणला, डोक्याला बांधायला शिकवेन. कैरीचं पन्हं तिला आवडेल, दुपारी तीनचं ऊन मुळीच आवडणार नाही. पहिल्याच आठवड्यात वेल्सच्या पावसाची आठवण काढेल, आणि मी तिला चिडवेन. तू असतास तर तूही चिडवलं असतंस.

तुझ्या वर्षश्राद्धाला पान ती वाढणार आहे. तुझ्या आवडीचं भरलं वांगं तीच करणार, मला हात लावू देणार नाही असं आत्ताच बजावलंय.

आणि तुला एक शब्द देते, भाऊ. आजवर ती आली की पहिल्याच दिवशी मी विचारायची, वहिनी, परत कधी? यापुढे हे मी तिला विचारणार नाही, आणि गल्लीतल्या कुणाला विचारूही देणार नाही. आता तिला कधी जायचं झालंच, तर ते तुझ्याकडे. तेव्हा तिचा हात माझ्या हातात असेल, एवढं मी बघेन. तोवर ती माझ्याजवळ राहील. तू मात्र तिला बोलवायची घाई करू नकोस.

तुझी धाकटी,
कुंदा