कानातलं गार पाणी

जनवाडा, भाऊबीज, १९४१

उमाजीअण्णा,

तीन वर्षांमागं भाऊबीजेला तू झोकांड्या खात आलास. शिंदी पिऊन आलास म्हणून मी न ओवाळताच तुला उंबऱ्यावरनं परत धाडलं. "प्यालो न्हाई गं," एवढंच म्हणालास.

यंदा माझंच डोकं गरगरायलंय. गुलबर्ग्याच्या डाक्टरानं कानात गार पाणी सोडलं. उजव्यात सोडल्यावर सगळी खोली फिरली, डाव्यात काहीच झालं न्हाई. मी म्हटलं, डावा बरा हाय. तो म्हणाला, "बाई, गार पाण्यानं गरगरायलाच पायजे. गप राहिला तोच कान बिघडलाय. झोक जायला दारू लागत न्हाई."

दारू लागत न्हाई, अण्णा.

तुझा पत्ता न्हाई, म्हणून पत्र ओवाळणीच्या ताटात ठेवलंय. ये. एकमेकांना धरून उंबरा ओलांडू.

तुझी पद्मा