संगजिऱ्याचं गिऱ्हाईक

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडलेलो आहे. बापानं संगजिऱ्याचा धंदा मांडावा आणि तो लातुरात मांडावा, यात मला काही गैर दिसत नाही. दगड दळून केलेली ती पांढरी, गुळगुळीत पावडर डाळीला चोळली की डाळ चकाकते, आणि लातुरात जिकडे बघावं तिकडे डाळमिल. गिऱ्हाईक दाराशी उभं होतं. पण तुम्ही नेमकं त्यालाच माल द्यायचा नाही असं ठरवून बसलात. मग काय, पंक्चरवाले, रंगवाले, प्लास्टिकच्या खुर्च्या काढणारे, पिकावर धुरळायची औषधं बनवणारे, अशी लांबलांबची गिऱ्हाइकं हुडकत भोकर, देगलूर, जळकोट एसटीनं पालथं घालायचं. घरी यायचात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि आई दारातच टॉवेल घेऊन उभी.

त्यात तुमची ती खोड. पोत्याचं तोंड सोडायच्या आधी विचारायचं, "कशाला पायजे?" सांगितल्याशिवाय कुणाला चिमूटभर मिळायची नाही, आणि सांगितलं की व्याख्यान सुरू. ट्यूबवर ही लावली की रबराला रबर चिकटत नाही, हे तुम्ही पंक्चरवाल्याला समजावून सांगायचात. तो बिचारा जन्मभर तेच करत आलेला. एकदा एक मिलवाला कॅरमचं निमित्त काढून आला. "आमच्या गावात कॅरम लई चालतंय," म्हणाला. तुम्ही विचारलंत, "बोर्ड किती हायत?" तो गडबडला, "हायत की दोन-तीन." "मग मूठभर घेऊन जा. पोतं नेलं तर अख्खं गाव घसरून पडंल." तो तणतणत गेला आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तुमचं नाव वेडा व्यापारी असं पडलं. मी भांडलो तुमच्याशी. म्हटलं, सगळेच लावतात, आपण एकट्यानं नाही दिलं तर डाळ मळकी राहणार आहे का? तुम्ही शांतपणे म्हणालात, "ही पाण्यात विरघळत न्हाई, ॲसिडाला दाद देत न्हाई, आगीत घातली तरी जळत न्हाई. म्हणून तर कारखान्यात चालती. आता सांग, पोटात गेल्यावर ती काय करंल? आन् दळताना दगडाबरोबर अजून काय काय येतंय, त्ये कुणी बघितलंय?" मी आणखीच चिडलो.

भूकंपात तर तुम्ही कहर केलात. किल्लारीकडच्या एका छावणीत आपण दोघं स्वयंपाकाच्या कामाला गेलो होतो. चुली पेटल्या आहेत, माणसं ताटं घेऊन बसली आहेत, कुणाचं घर गेलेलं, कुणाची लेकरं. आणि तुम्ही डाळीच्या पोत्यात हात घालून तळवा बघताय. तळवा पांढरा. झालं! टँकरचं पाणी, तेही पुरत नाही, आणि तुम्ही डाळ चोळताय, पाणी ओतताय, पुन्हा चोळताय. आचारी ओरडतोय. मी तुमच्या हाताला धरून मागं ओढतोय. शेवटी डोक्याला पट्टी बांधलेली एक म्हातारी उठून चुलीपाशी आली. "बाबा, आमी दगडाखालून निघालोत, आन् तू दगडाच्या भुकटीला भिऊन राहिलास? वाढ की!" कुणी हसलं नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आत्ता वाढतो, माय," आणि पुन्हा पातेल्यात हात घातलात. मला तेव्हा तुमची लाज वाटली. आज विचार केला तरी वाटते, अण्णा. भुकेल्या माणसाला थांबवून ठेवण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला होता?

आता लातूर तुम्हाला ओळखू यायचं नाही. गल्लोगल्ली क्लास, क्लासमागे होस्टेल, होस्टेलमागे मेस. डॉक्टर व्हायला आलेली पोरं दोन्ही वेळ तिथंच वरणभात खातात. तुमची नातही गेल्या वर्षापासून तिथं आहे. मी गोदाम नांदेडला आणलं, धंदा तोच ठेवला, आणि तुमची खोडही नाइलाजानं ठेवली, कारण जुनी गिऱ्हाइकं विचारायच्या आधीच कारण सांगतात. आज सकाळी लातूरच्या एका मिलवाल्याचा फोन आला. "मालक, मेसवाल्यांना पिवळीधमक, चमकती डाळ लागून राहिली. दर महिन्याला गाडी भरून उचलतो. फकस्त कशाला पायजे ते इचारू नका." मी नाही विचारलं. उगीच बोलता बोलता, डाळ कुठल्या भागात जाते तेवढं विचारलं. त्यानं जी गल्ली सांगितली, तिथंच पोरीची मेस आहे.

मी नाही म्हणालो आणि फोन ठेवला. मग पोरीला लावला. मेसची डाळ कशी असते गं, म्हटलं, तर म्हणाली, "पिवळी असते, पप्पा. असं काय विचारताय?" मी संगजिऱ्याचं बोलायला लागलो, तर मधेच तोडून म्हणते, "टॅल्क ना? मॅग्नेशियम सिलिकेट, सगळ्यात मऊ खनिज, कठीणपणा एक. उद्या टेस्ट आहे, ठेवू?" आणि ठेवला. म्हणजे त्या मिलवाल्याला दुसरीकडून माल मिळणार, पोरगी तेच खाणार, मला गाडीभर धंदाही नाही. तुमच्यासारखं वागून हे एवढं पदरात पडलं.

घरात मात्र तुमच्या सुनेला सगळं कळलंय. दुपारपासून तिनं शेजारच्या दोघींना सांगितलं, की यांनी अण्णांचं नाव राखलं. मी ऐकतो आहे. तिला सांगायची हिंमत होत नाही, आणि हा कागदही फाडूनच टाकायचा आहे, म्हणून तुम्हाला सांगतो. त्यानं दुसऱ्या कुठल्या गल्लीचं नाव घेतलं असतं, तर मी माल दिला असता.